आधीच सांगून टाकलेली भीती

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत भयसाहित्यावर आलेल्या लेखाचा सूर असा होता, की भयकथेचा सगळा जीव शेवटच्या धक्क्यात असतो आणि तो धक्का एकदा बसला की पुस्तकात पुन्हा वाचण्यासारखं काही उरत नाही. मला या एकाच मुद्द्यावर लिहायचं आहे. अमेरिकी भयकथाकार स्टीफन किंगच्या कादंबऱ्या मी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा वाचत आले आहे आणि त्याच्या बाबतीत हे विधान साफ चुकीचं आहे. किंग धक्का राखून ठेवतच नाही. कोण मरणार, गावाचं काय होणार, हे तो कितीतरी आधी सांगून मोकळा होतो आणि मधली सगळी पानं आपल्याला ते ठाऊक असताना वाचायला लावतो. माझ्या मते त्याच्या लेखनाचं खरं बळ इथेच आहे.

‘पेट सिमेटरी’ (१९८३) ही कादंबरी घ्या. लुईस क्रीड हा तरुण डॉक्टर शिकागो सोडून मेन राज्यातल्या लडलो गावी येतो. बरोबर बायको रेचल, मुलगी एली, तान्हेपण नुकतंच संपलेला मुलगा गेज आणि चर्च नावाचा बोका. घरासमोरून मोठा रस्ता जातो, त्यावरून टँकर सुसाट जात असतात. घरामागच्या पायवाटेने गेलं की गावातल्या मुलांनी आपल्या मेलेल्या कुत्र्यामांजरांसाठी केलेली दफनभूमी लागते, आणि तिच्याही पलीकडे एक जुनी जागा आहे, जिथे पुरलेलं परत येतं. पुस्तकाच्या मध्याजवळ एक प्रसंग आहे. मार्चमधल्या एका वाऱ्याच्या दिवशी लुईस गेजला घेऊन शेजारच्या माळावर पतंग उडवतो. पोराच्या हातात दोरी देतो, पोरगं खिदळतं. सबंध कादंबरीत इतकं निर्भेळ सुखाचं दुसरं पान नाही. आणि त्याच पानावर, चालत्या वाक्याच्या पोटात, किंग सांगून टाकतो की आता दोन महिन्यांहूनही कमी आयुष्य उरलेला गेज आनंदाने हसत होता.

ना नवा परिच्छेद, ना उद्गारचिन्ह. हसण्याबद्दलचं वाक्य आहे, त्यात मरण जाता जाता आलेलं आहे.

मी परिचारिका होते आणि नोकरीचा मोठा काळ आयसीयूत काढला. मॉनिटरवरचे आकडे, उतरत गेलेलं लघवीचं प्रमाण, पावलांचा गारठा यांवरून पुढे काय होणार ते आम्हाला कित्येकदा पहाटेच कळलेलं असायचं. मग भेटीच्या वेळेला नातेवाईक आत यायचे. कुणी म्हणायचं, “आज चेहरा जरा बरा वाटतोय ना, सिस्टर?” कुणी पुढच्या महिन्यातल्या लग्नाबद्दल पेशंटच्या कानाशी बोलत बसायचं. ती साधी बोलणी आहेत, त्यांत भीतिदायक काही नाही. पण ज्याला पुढचं ठाऊक आहे त्याच्या कानाला ती निराळी लागतात, आणि बोलणाऱ्याकडे बघताना पोटात कालवतं. पतंगाचं ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या लेखकाने मला नेमकं त्याच जागी उभं केलं आहे. त्यानंतर एलीचं शाळेतलं बोलणं, घरातली किरकोळ भांडणं, गेजचं सर्दीने फुणफुणणारं नाक, काहीच पूर्वीसारखं वाचता येत नाही. मधल्या पानांत भुताटकीचं काही घडत नसतानाही हात गार पडतात.

आणि मग तो आणखी एक गोष्ट करतो. प्रत्यक्ष अपघात तो दाखवतच नाही. भाग संपतो, पुढचा उघडतो तेव्हा गेज गेलेला असतो आणि माणसं अंत्यविधीला जमलेली असतात. अपघाताचे तुकडे नंतर हळूहळू हाती येतात: रस्त्याकडे धावणारं पोर, मागून धावणारा बाप, पोराच्या जॅकेटला जेमतेम लागलेली त्याची बोटं. मग एका प्रकरणात लुईसची बोटं जॅकेट पकडतात! पोर वाचतं. मोठं होतं, नामांकित विद्यापीठात जातं, ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं पदक जिंकतं. बाप टाळ्या वाजवत उभा असतो. किंग हे सगळं सावकाश, तपशिलाने, वर्षामागून वर्ष लिहितो, आणि शेवटी पोराच्या टोपीतलं रक्त दाखवून ते आयुष्य पुसून टाकतो. गेज गेला हे आपल्याला दोनदा सांगून झालेलं आहे. तरी ते प्रकरण वाचताना मी दर वेळी मनात म्हणते, या वेळी तरी हात पोचू दे.

आपल्याला हे काही नवं नाही. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरतो तेव्हा तो बाहेर येणार नाही, हे महाभारत ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. म्हणून कोणी उठून जात नाही.

या कादंबरीचा विषय भूत नाही, शोक नाकारणारं माणसाचं मन हा आहे. लुईस डॉक्टर आहे, मृत्यू ही नैसर्गिक गोष्ट आहे असं तो बायकोला ठासून सांगतो. रेचलला तो विषय घरात नकोच असतो, कारण तिच्या लहानपणी तिची बहीण झेल्डा मेंदूज्वराच्या एका प्रकाराने मागच्या खोलीत कुढत मेली, तीही घरात आठ वर्षांची रेचल एकटी असताना. आजारी माणसाबद्दल घरच्यांना वाटणारी चीड, त्याने लवकर सुटावं अशी इच्छा आणि त्या इच्छेची आयुष्यभराची लाज, हे सगळं रेचलच्या त्या कबुलीत आहे. मी वॉर्डच्या व्हरांड्यात अशी कबुली बायकांच्या तोंडून ऐकली आहे, कुजबुजत, भिंतीकडे बघत. एवढ्या खरेपणाने ती लिहिलेली मी दुसरीकडे वाचली नाही. आणि कथेतला कडवट पेच असा, की मृत्यूला घाबरणारी रेचल नव्हे, तर तो नैसर्गिक आहे म्हणणारा डॉक्टरच पोराचा देह उकरायला जातो. आधी मेलेला बोका परत आलेला त्याने पाहिलेला असतो. तो बोका घाण मारतो, धडपडतो, त्याच्या डोळ्यांत ओळख नसते. काय परत येईल हे लुईसला पुरतं ठाऊक आहे. तरी जातो. इथे वाचकाला कळतं तेवढंच पात्रालाही कळतं, आणि ते कळणं त्याला थांबवू शकत नाही. दर वेळी हे वाचताना माझा जीव सर्वांत जास्त घाबरा होतो तो इथे.

दुसऱ्या कादंबऱ्यांतही हीच रीत आहे. ‘कॅरी’ (१९७४) या पहिल्याच कादंबरीत वृत्तपत्रातल्या बातम्या, चौकशी आयोगाचा अहवाल, नंतर लिहिल्या गेलेल्या पुस्तकांतले उतारे मध्ये मध्ये पेरलेले आहेत, त्यामुळे कॅरी या शाळकरी मुलीच्या हातून एका रात्री शहराचा विध्वंस होणार हे आपल्याला सुरुवातीपासून दिसत असतं आणि मुली कॅरीला छळत असताना आपण हातातल्या अहवालाकडे बघत राहतो. ‘सालेम्स लॉट’ (१९७५) तर शेवटानंतर सुरू होते. एक माणूस आणि एक मुलगा देश ओलांडून पळताहेत, लोक त्यांना बापलेक समजतात, आणि मागे राहिलेलं गाव ओस पडलं आहे. मग गोष्ट मागे जाते आणि ते गाव जिवंत असतानाचा एक दिवस तासातासाने, घराघरातून दाखवते. पहाटे निघालेला दूधवाला, शाळेच्या बसचा खडूस ड्रायव्हर, रडणाऱ्या तान्ह्या मुलाला मारणारी पोरगेली आई. रक्तपिपासू व्हँपायर अजून नीट आलेलाही नसतो, आणि वाचकाला दिसतं की या गावात येण्यासाठी त्याला फार दारं ठोठवावी लागणार नाहीत. मराठी वाचकांतल्या अनेकांना हे कथानक नारायण धारपांच्या ‘लुचाई’तून ओळखीचं आहे. मीही धारपांच्या बोटाला धरूनच किंगपर्यंत पोचले, आणि धारपांचं ते ऋण मोठं आहे.

‘द शायनिंग’बद्दल (१९७७) थोडं सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांना स्टॅन्ली कुब्रिकचा १९८०चा चित्रपट ठाऊक असतो आणि त्यावरून कादंबरी वाचल्यासारखी वाटते. दोन्हींत मूलभूत फरक आहे. कादंबरीतल्या ओव्हरलुक हॉटेलच्या तळघरात एक जुना बॉयलर आहे. जॅक टॉरन्स हिवाळ्यासाठी राखणदार म्हणून नोकरी पत्करतो, तेव्हा अगदी सुरुवातीलाच त्याला सांगितलं जातं की याचा दाब आपोआप चढत राहतो, दिवसातून ठरल्या वेळी तो उतरवला पाहिजे, विसरलात तर सगळं उडून जाईल. बस. पुढची शेकडो पानं भुतं येतात, जातात, पण तळघरातला तो काटा वाचकाच्या डोक्यातून जात नाही. आणि जॅकचंही तसंच आहे. तो दारू सोडलेला माणूस आहे, पूर्वी नशेत त्याने पोटच्या पोराचा, डॅनीचा, हात मोडला आहे, आणि आता दाब चढतो आहे. लहानपणी त्याच्या बापाने त्याच्या आईला मारलं, त्याला मारलं. तो त्या बापाचा द्वेषही करतो आणि त्याच्यावर प्रेमही करतो. छपरातलं गांधीलमाश्यांचं पोळं धूर करून रिकामं झालं अशा समजुतीने जॅक ते डॅनीला भेट देतो आणि रात्री त्यातून जिवंत माश्या निघून पोराला डसतात. बापाने वारसा म्हणून मुलाला काय दिलं, यावर एवढं अचूक काही मी वाचलेलं नाही.

चित्रपटात जॅक पहिल्या दृश्यापासूनच वेडसर दिसतो, शेवटी बर्फात गोठतो आणि हॉटेल तसंच उभं राहतं. कादंबरीतला जॅक चांगला होण्यासाठी जीव तोडून झगडतो, म्हणून त्याचं हरणं झोंबतं. हॉटेलने त्याला पुरतं गिळल्यावरही एका क्षणी तो वर येतो आणि डॅनीला म्हणतो, पळ, लवकर पळ, आणि माझं तुझ्यावर किती प्रेम आहे ते लक्षात ठेव. मग हॉटेलला आठवण करून देतो तो लहानगा डॅनीच, की बॉयलरचं विसरलात. किंगने २००० साली ‘ऑन रायटिंग’ या पुस्तकात लिहिलं आहे, की त्या काळात तो स्वतः दारूच्या आहारी गेला होता आणि ही कादंबरी लिहिताना आपण स्वतःबद्दल लिहितो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. दारूपायी मोडलेली घरं मी अपघात विभागात फार जवळून पाहिली आहेत. मारणाऱ्याचं प्रेमही खरं असतं आणि मारही खरा असतो, हे सांगायला धाडस लागतं. भयकथा म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या पुस्तकात ते आहे.

लेखनाची एक बारीक लकब इथेच सांगते. पात्राच्या मनातला नको असलेला विचार किंग वाक्य मध्येच तोडून, वेगळ्या ओळीवर, कंसात, विरामचिन्हांशिवाय टाकतो आणि मग तुटलेलं वाक्य पुढे चालू करतो, जणू काही झालंच नाही. मन दडपतं ते कसं उसळून वर येतं, हे त्याने छपाईच्या मांडणीतून दाखवलं.

‘इट’ (१९८६) ही हजाराहून अधिक पानांची कादंबरी. तिच्या पहिल्याच वाक्यात सांगितलेलं आहे की हे भय पुढची अठ्ठावीस वर्षं संपणार नव्हतं, आणि त्याची सुरुवात झाली ती वृत्तपत्राच्या कागदाच्या एका होडीपासून, पावसाने भरून वाहणाऱ्या गटारात. डेरी गावात साधारण सत्तावीस वर्षांनी काहीतरी जागं होतं आणि मुलांना खातं. बहुधा ते विदूषकाच्या रूपात येतं, आणि त्या विदूषकाचंच सगळे बोलतात. मला त्याहून भयंकर वाटतात ती गावातली मोठी माणसं. काही गुंड पोरं बेव्हर्ली या मुलीच्या मागे लागलेली असतात. समोरच्या घराच्या व्हरांड्यातला माणूस उठतो, बघतो, हातातल्या पेपरची घडी करतो आणि आत निघून जातो. एवढंच. त्या एका घडीत सगळी डेरी आहे. १९०६मध्ये ईस्टरच्या दिवशी कारखान्याच्या स्फोटात मुलं मेली, १९३०मध्ये कृष्णवर्णीय सैनिकांचा क्लब वंशद्वेष्ट्यांनी पेटवला, आणि दर वेळी गाव विसरलं. ग्रंथपाल माइक हॅनलन हा एकटा तिथे राहतो आणि जुन्या कथा टिपून ठेवतो; लहानपणी त्याच्यासोबत त्या भयाला तोंड दिलेले त्याचे मित्र गाव सोडून गेले, यशस्वी झाले आणि सगळं विसरले. १९५८ आणि १९८५ हे दोन काळ आलटून पालटून येतात, आणि शेवटाकडे वाक्य एका काळात सुरू होऊन तोडलं जातं आणि दुसऱ्या काळात पुरं होतं. बालपणीचं भय आणि चाळिशीच्या उंबरठ्यावरचं भय एकाच वाक्याचे दोन तुकडे होतात. याहून उचित रचना मला सुचत नाही.

पण या कादंबरीचा शेवट मला पटत नाही. हजार पानं आकार बदलत राहिलेलं भय शेवटी एक मोठा कोळी म्हणून समोर येतं तेव्हा ते लहान होतं. गटारांमधला मुलांचा एक प्रसंग तर तिथे असायलाच नको होता, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘द स्टँड’ या त्याच्या दुसऱ्या कादंबरीचा शेवटही असाच वरून उतरवल्यासारखा वाटतो. किंगला पाल्हाळ आवरत नाही आणि कित्येकदा शेवट साधत नाही, हे त्याच्यावर प्रेम करणाऱ्यानेही म्हटलं पाहिजे. २००३मध्ये अमेरिकेच्या नॅशनल बुक फाउंडेशनने त्याला अमेरिकी साहित्यातल्या योगदानाबद्दल पदक दिलं तेव्हा हॅरल्ड ब्लूम या समीक्षकाने जाहीर नापसंती व्यक्त केली होती. ब्लूमच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे, पण पतंगाच्या त्या पानाबद्दल त्याने काही म्हटल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

आता त्याच्या अद्भुताबद्दल, ज्याची आपल्याकडे फारशी चर्चाच होत नाही. किंगच्या मुलीला भयकथा आवडत नसत, म्हणून त्याने तिच्यासाठी ‘द आइज ऑफ द ड्रॅगन’ ही राजाराणीची, दुष्ट जादूगाराची कादंबरी लिहिली. इथे कथा सांगणारा थेट श्रोत्याशी बोलतो, मध्येच थांबतो, पुढचं आधी सांगतो. राजाला विष कोणी दिलं हे वाचकाला माहीत, धाकट्या राजपुत्रालाही माहीत, कारण त्याने भिंतीवरच्या ड्रॅगनच्या मुंडक्यामागे लपून ते पाहिलं. फक्त राज्याला माहीत नाही. थोरला निरपराध भाऊ मनोऱ्यात कैद होतो आणि जेवणाबरोबर येणाऱ्या हातरुमालांचे थोडेथोडे धागे काढून, बाहुलीघरातल्या चिमुकल्या मागावर दोर विणतो. मुलांना वाचून दाखवावी अशी ही गोष्ट आहे, आणि ‘सगळं ठाऊक असूनही गप्प बसलेला’ धाकटा भाऊ ही किंगच्या उत्तम पात्रांपैकी एक आहे.

‘द डार्क टॉवर’ ही मालिका त्याने १९७०मध्ये लिहायला घेतली आणि मुख्य सात खंड २००४मध्ये पुरे झाले. रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या एका कवितेतून सुचलेली ही रोलंड नावाच्या बंदूकधाऱ्याची एका काळ्या मनोऱ्याकडची यात्रा. ‘सालेम्स लॉट’मधला पळून गेलेला, लाजेने पोखरलेला पाद्री फादर कॅलहन इथे परत येतो आणि त्याला पुन्हा उभं राहायची संधी मिळते. शेवटच्या खंडात रोलंड मनोऱ्यापाशी पोचतो तेव्हा किंग गोष्ट थांबवून वाचकाला विनवतो, की इथेच पुस्तक मिटा, पुढे जाऊ नका. अर्थात आपण जातोच. वरचं दार उघडतं आणि रोलंड पुन्हा त्याच वाळवंटात, पहिल्या खंडाच्या पहिल्या वाक्यात जाऊन पडतो. फरक एवढाच, की पूर्वी हरवलेलं शिंग या वेळी त्याच्या कमरेला आहे. अनेक वाचक या शेवटावर चिडले. मला तो त्याचा सर्वांत प्रामाणिक शेवट वाटतो, कारण वाचकाला जे तो प्रत्येक पुस्तकात करायला लावत आला, ठाऊक असलेल्या वाटेवरून पुन्हा चालायला, तेच त्याने आपल्या नायकाला करायला लावलं.

मी शेवट सांगितले म्हणून कोणी रागावू नये. ही पुस्तकं सांगितल्याने मोडत नाहीत.

माझी विनंती एवढीच, की भयसाहित्यावर लिहिताना ‘किती घाबरवतं’ याचं माप लावण्याऐवजी ते कसं सांगितलं आहे यावर आपल्या पुरवणीत जागा द्यावी: निवेदक किती जाणतो, वाचकाला केव्हा सांगतो, काय दाखवायचं टाळतो. आणि ज्यांना किंग वाचायचा आहे त्यांनी ‘इट’पासून सुरुवात करू नये, दमछाक होते. ‘द शायनिंग’ आधी घ्यावी, मग ‘सालेम्स लॉट’; चित्रपट पाहिला असेल तर तो बाजूला ठेवावा. लहान मुलं असतील तर ‘द आइज ऑफ द ड्रॅगन’ त्यांच्यासोबत मोठ्याने वाचावी. ‘पेट सिमेटरी’ मात्र घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर काही काळ लांब ठेवावी, आणि नंतर जरूर वाचावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका